बायकोची फ्रिक्वेन्सी

मी माझ्या बायकोवर जळतो. हे मी कुणापासून लपवलेलं नाही, तिच्यापासून तर नाहीच. लग्नाआधी मला वाटायचं की नवरे जळतात ते बायकोच्या कॉलेजातल्या मित्रांवर, नाहीतर तिच्या ऑफिसातल्या एखाद्या देखण्या माणसावर. माझ्या वाट्याला निराळंच आलं. मी तिच्या आवाजावर जळतो.

आम्ही दोघंही वाराणसीच्या विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक आहोत. विमानानं किती उंचीवर यायचं, कुठं वळायचं, कधी उतरायचं हे वैमानिकाला रेडिओवरून सांगणं हे आमचं काम. ते दोन जागी चालतं. वर काचेचा टॉवर, तिथून धावपट्टीवरची आणि तिच्या जवळपासची विमानं डोळ्यांनी दिसतात. खाली रडारची खोली, तिथं आजूबाजूच्या आकाशातली विमानं पडद्यावर ठिपके होऊन सरकत असतात. टॉवर आम्हा दोघांनाही येतो. रडारवर बसायला मात्र वेगळी परीक्षा आहे. ती तिनं पहिल्या फटक्यात पार केली आणि मी नापास झालो. परीक्षकांनी शेरा मारला की उमेदवाराला सगळं येतं, पण तो गरजेपेक्षा जास्त बोलतो.

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ते तर आम्हाला आधीपासून मालूम होतं."

आईचं मन केव्हाच सुनेकडं झुकलेलं. आमचं घराणं काशीत मुरलेलं. वडील होते तोवर महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंचे विधी दशाश्वमेध घाटावर तेच करवून घ्यायचे, आणि आई अजून संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत राहते. आम्ही घरात मराठी बोलतो, पण ती आमची आमची मराठी आहे. आम्ही चाय पितो, घरून निकळतो आणि उन्हात परेशान होतो. बायको साताऱ्याकडची. ती पहिल्यांदा घरी आली, आईला वाकून नमस्कार केला आणि "दमला असाल, बसा तुम्ही, मी वाढते" एवढं म्हणाली, तर आई विरघळलीच. अशी साफ मराठी या घरात किती दिवसांनी ऐकली म्हणाली. मी त्याच घरात जन्मापासून बोलत होतो, त्याची कुठं गणतीच नाही.

गल्लीत कुणी चौकशी केली की आई सांगते, "माझी सून विमानं उतरवते." आणि मुलगा? "तोही तिथंच असतो."

आवाज म्हणावा तर तिचा गोड वगैरे मुळीच नाही. घरी ओरडली तर शेजारच्यांचं मांजर पळतं. पण हेडसेट चढवला की तिच्या बोलण्यातली सगळी घाई जाते. समोर एक विमान असो की पडद्यावर गर्दी झालेली असो, ती दुधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाक म्हणावं तितक्या साध्या सुरात बोलते. नेहमी येणारे वैमानिक तिला आवाजावरून ओळखतात. हद्दीत शिरले की आधी "नमस्ते मॅडम" आणि मग बाकीचं. टॉवरात मी त्याच वैमानिकांना उतरायची परवानगी देतो, वाऱ्याची दिशा सांगतो, कुठल्या वाटेनं बाहेर पडा ते सांगतो. मला आजवर कुणी नमस्ते केलेलं नाही.

ती मला तीन नावांनी हाक मारते. घरी तू, आईसमोर अहो, आणि ड्यूटीवर इंटरकॉमवर "टॉवर". त्यातलं तिसरं मला अजिबात आवडत नाही.

नवराबायकोला शक्यतो एका शिफ्टला ठेवत नाहीत. पण माणसं कमी, आणि लग्नसराईत सुट्ट्या निघाल्या की इन्चार्ज साहेबांचा नाइलाज होतो. अशा दिवशी माझा एक ठरलेला उद्योग असायचा. टॉवरात एक छोटा स्पीकर आहे, त्यावर रडारची फ्रिक्वेन्सी ऐकता येते. रडारकडून आपल्याकडं कुठलं विमान येतंय याचा अंदाज यावा म्हणून तो ठेवलेला. मी तो बारीक करून शिफ्टभर चालू ठेवायचो आणि एक कान तिकडं लावून बसायचो. ती कुठं अडखळते का, कुणाला चुकीच्या नावानं बोलावते का, दिलेली उंची बदलायची वेळ तिच्यावर येते का. कधी एखादा शब्द अडकलाच तर त्या दिवशी मला डब्यातली दुधीची भाजीसुद्धा चवीची लागायची. घरी आल्यावर मी ते सांगायचोही. ती म्हणायची, बरं. आणि पुढच्या वेळी तो शब्द अडकत नसे.

त्या मे महिन्यातल्या दुपारी आम्ही दोघं असेच एका शिफ्टला होतो. बाहेर उन्हाळ्यातली गरम लू चालली होती, धावपट्टीवर हवा थरथरताना दिसत होती. मुंबईचं विमान गच्च भरून उभं होतं आणि आत उकडतंय म्हणून वैमानिक माझ्यामागं लागला होता. टॉवरला मनात आलं म्हणून विमान उडवता येत नाही, आधी रडारची परवानगी घ्यावी लागते. मी इंटरकॉमवर मागितली. "टॉवर, सोडा," ती म्हणाली, आणि सुरुवातीला किती उंचीपर्यंत जाऊ द्यायचं ते सांगितलं. मी सोडलं. मुंबईवाला उडाला आणि तिच्याकडं गेला.

तिकडून दिल्लीचं विमान खाली येत होतं. दोन विमानांमध्ये उभं हजार फूट तरी अंतर लागतं, नाहीतर मग आडवं काही मैलांचं. दोन्हींपैकी एक तरी असलंच पाहिजे, आमच्या धंद्याचा सगळा डोलारा यावर उभा आहे. तिनं दोघांना वेगवेगळ्या दिशा देऊन आडवं अंतर करून ठेवलं होतं, आणि ते पुरेसं आहे म्हणून मुंबईवाल्याला आणखी वर चढायला सांगितलं. बरोबरच होतं ते. मीही तसंच केलं असतं, फक्त जास्त बोलून.

तेवढ्यात दिल्लीवाला म्हणाला की समोर मोठा ढग आहे, आंधी उठलीय, डावीकडून वळसा घालू का. ती म्हणाली, घाला.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही, पण ही चूक आमच्यातच होते. ढग चुकवू का असं वैमानिकानं विचारलं की आम्ही नाही म्हणत नाही. कोण म्हणेल? विमानात माणसं आहेत, ढगात वीज आहे. वर्षानुवर्षं तेच विचारणं आणि तेच उत्तर. त्यामुळं हो आधी तोंडातून जातं आणि डोळे मागाहून पडद्यावर जातात. त्या दुपारी डावीकडे मुंबईवाला होता. एरवी तोवर तो पुष्कळ वर गेला असता, पण त्या उकाड्यात भरलेलं विमान रखडत चढत होतं.

मी स्पीकरवर तिचं "घाला" ऐकलं आणि खुर्चीतून उठलो. माझ्याकडं पडदा नव्हता, पण दोघांची जागा डोक्यात होती. डावीकडे कोण आहे हे मला माहीत होतं, कारण मीच त्याला सोडलं होतं. नेमका तेव्हाच टॉवरातला फोन वाजायला लागला. मी इंटरकॉमचं बटण दाबणार इतक्यात मुंबईवाल्याचा आवाज आला, घाईतला, "टी-कॅस आर-ए."

विमानात टी-कॅस नावाचं एक यंत्र असतं. दुसरं विमान फार जवळ आलं की ते वैमानिकाला हुकूम सोडतं, चढ किंवा उतर, तो आर-ए. दोन्ही विमानांतली यंत्रं आपसात ठरवतात, एकाला वर पाठवतात, दुसऱ्याला खाली. त्या घडीला वैमानिक आमचं ऐकत नाही, यंत्राचं ऐकतो. आणि आमच्यासाठी नियम एकच, रॉजर, म्हणजे ऐकलं, एवढं म्हणा आणि गप्प बसा. काही सांगायला जाल तर यंत्र एक म्हणेल, तुम्ही दुसरं म्हणाल, आणि दोघांनाही एकाच उंचीवर नेऊन भेटवाल. ज्या क्षणी काहीतरी करावं म्हणून जीव तुटतो त्याच क्षणी हात बांधून बसायचं. शिकताना सगळे माना डोलावतात. खरं किती जणांना जमेल, देव जाणे. मला जमलं नसतं.

ती म्हणाली, "रॉजर." दिल्लीवाल्यानंही तेच सांगितलं, त्यालाही रॉजर. मग फ्रिक्वेन्सी गप्प झाली. फोन वाजत होता. मी त्या स्पीकरकडं असं बघत होतो जणू त्यात काही दिसणार आहे.

मग मुंबईवाला म्हणाला की धोका टळला. मागोमाग दिल्लीवाला. आणि तिचा आवाज आला, तोच, दुधवाल्याशी बोलण्याचा. तिनं एकाला दिशा दिली, दुसऱ्याला उंची दिली, वाटेत असलेल्या तिसऱ्याला थांबवून ठेवलं. दिल्लीवाला थोड्या वेळानं माझ्यासमोर उतरला. शिडी लागली, नेहमीसारखी यात्रेकरू मंडळी बाहेर आली आणि उन्हाला शिव्या देत बसकडं गेली.

असं अंतर मोडलं की नियंत्रकाला लगेच खुर्चीवरून उठवतात. शिक्षा म्हणून नव्हे, पण चौकशी होईपर्यंत रडारवर बसायचं नाही. माझ्या जागी माणूस आला तेव्हा मी जिना उतरून धावत खाली गेलो. ती विश्रांतीच्या खोलीत बसली होती, हात मांडीवर, समोर चहावर साय धरलेली. इन्चार्ज साहेब आजूबाजूच्या चार जणांना सांगत होते, "गलती किससे नहीं होती? मगर उसके बाद मैडम ने जो धीरज रखा, वो देखिए. एक शब्द फालतू नहीं."

देवाशपथ सांगतो, मी तिची काळजी करतच आत शिरलो होतो. पण ते वाक्य कानावर पडलं आणि काळजी बाजूला राहिली. इतकी वर्षं मी हिच्या चुकीची वाट बघितली. चूक झाली ती एवढी मोठी, आणि तिच्यातही हिनं माझ्यावर ताण केली. मी आयुष्यात कधी अंतर मोडलं नाही, तर त्याचं कुणाला कौतुक नाही.

पुढचे दोनेक महिने तिला ऑफिसचं टेबल मिळालं. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, फायली बघायच्या. लोक घरी भेटायला येत होते, ते तिला. आईनं गल्लीतून निरोपावर निरोप पाठवले, बेसनाचे लाडू पाठवले आणि मला फोनवर बजावलं, "तिला परेशान नको करू." आणि रडारवर माणूस कमी पडला म्हणून माझं रखडलेलं ट्रेनिंग धडाक्यात पुरं झालं. पुन्हा परीक्षा झाली, मी जीभ दाताखाली धरून ती दिली आणि एकदाचं आमचं घोडं गंगेत न्हालं. मला तिच्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची तिच्या उंचीला लावलेली होती, ती मी खाली केली तेव्हा मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

तो टिकला मात्र नाही. वैमानिक हद्दीत शिरायचे आणि विचारायचे, मॅडम सुट्टीवर आहेत का?

चौकशीचा निकाल आला. ढगाची परवानगी देण्याआधी पडदा बघितला नाही ही चूक, त्यासाठी पुन्हा सराव आणि पुन्हा तपासणी. त्यानंतर ती रडारवर परत बसू शकते, तिची तयारी असेल तर. आणि वर शाबासकी. इतकी शाबासकी की सुरक्षेच्या वर्गात आम्हा सगळ्यांना त्या दुपारची टेप ऐकवली. बाहेरून आलेले शिक्षक होते. विमानांची नावं काढून टाकली होती, पण आवाज कुणाचा ते खोलीतल्या शिपायालाही कळत होतं. आपल्या बायकोनं चूक कशी आदर्श करावी याचा धडा मी वही-पेन घेऊन गिरवत होतो. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शिक्षक म्हणाले, आता शांतता ऐका. सगळ्यांनी ऐकली. आणि मी, ज्याचे कान इतकी वर्षं याच एका कामावर ठेवलेले, मला त्या शांततेत काहीतरी वेगळं ऐकू आलं. आधी एक टिक्, मग हलकी खरखर, मग पुन्हा टिक्. बोलण्याचं बटण दाबलं आणि बोललंच नाही, तर टेपवर तसं येतं. दुसऱ्या कुणाचं तिकडं लक्ष गेलं नाही. असे आवाज दिवसभर येतात, कुणाचं तरी बोट लागतं. पण मला ते बोट ओळखीचं वाटलं. तिनं बटण दाबलं होतं. ती बोलणार होती.

मी घरी जवळजवळ उड्या मारत गेलो. ती स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. मी बूटही न काढता म्हणालो, "तू बटण दाबलं होतंस."

ती नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. मग मी टेपचं सांगणार होतो. तिनं सुरी खाली ठेवली.

"हो," ती म्हणाली. "दिल्लीवाल्याला वर जा म्हणणार होते. यंत्र त्याला खाली पाठवत होतं, दुसऱ्याला वर. मी त्याला वर जा म्हणणार होते, कळतंय का तुला? शब्द तोंडात होता. आवाजच निघाला नाही. मी गप्प नव्हते बसले. माझा आवाज गेला होता."

टेपचं सांगायचं राहूनच गेलं. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

ती म्हणाली की चौकशीत तिनं सांगितलं होतं, बोट लागलं असेल. त्यांनी पुढं विचारलं नाही. आता सगळे येऊन म्हणतात काय संयम मॅडम, आणि तिला प्रत्येक वेळी तो शब्द तोंडात आठवतो. पुन्हा तपासणी द्यायची नाही असं तिनं ठरवलं होतं. टेबलाचं काम वाईट नव्हतं म्हणे. मग तिनं सुरी उचलली आणि भेंडी चिरायला लागली, आणि मी जाऊन बूट काढले.

त्या दिवसापासून माझं जळणं थांबलं. फुंकर घालावी तसं विझलं. मी चांगला नवरा झालो. सकाळचा चहा मी करायला लागलो, झोपताना दूध गरम करून द्यायला लागलो. रडारवर काय झालं ते घरी बोलेनासा झालो, तिला वाईट वाटू नये म्हणून. आईनं एकदा सगळ्यांसमोर विचारलं की सूनबाई परत कधी बसणार, तर मीच विषय बदलला. बायको सगळं करू द्यायची. दूध मात्र अर्धं ठेवायची.

तपासणी देणार की नाही, हे कळवायची वेळ आली. मी तिला समजुतीच्या सुरात सांगितलं की तुला वाटेल तसं कर, टेबलावर राहिलीस तरी काही बिघडत नाही, आपल्याला काय कमी आहे.

तिनं पेला ओट्यावर आपटला. दूध उडालं.

"हे बंद कर आधी," ती म्हणाली. "इतकी वर्षं माझ्या एकेका शब्दाला कान लावून बसायचास. मला ठाऊक होतं. खाली हेडसेट चढवला की वाटायचं, वर हा बसलाय, चूक सापडली की घरी येऊन नाचेल. मग मी नीट बोलायचे. तू जळत होतास तोवर मला कळायचं की माझं बरं चाललंय. आता तू मला दूध देतोस. म्हणजे माझं संपलं, होय ना?"

मला पटकन काही चांगलं सुचलं असतं तर मी तेच बोललो असतो. तुझं संपलेलं नाही, तुला सगळं जमेल, वगैरे. ते सुचलं नाही. तोंडातून खरं तेच गेलं.

"तू परत बसलीस तर मला टॉवरात पाठवतील," मी म्हणालो. "आणि मला ती खुर्ची सोडायची नाहीये."

मग तिनं फडकं घेऊन सांडलेलं दूध पुसलं. दुसऱ्या दिवशी तिनं कळवलं की तपासणी देते.

तपासणी सरावाच्या खोलीत होते. एका बाजूला खोटं रडार, त्यावर उमेदवार बसतो. भिंतीपलीकडच्या खोलीत एक जण सगळ्या विमानांचा वैमानिक होऊन हेडसेटवर बोलतो. ते काम मोकळ्या असलेल्या माणसाला देतात, आणि त्या दिवशी मोकळा मीच होतो. परीक्षकांना आमचं नातं माहीत होतं. ते हसून म्हणाले, "घर का झगड़ा यहाँ मत लाइएगा." मला मात्र हसू आलं नाही. भिंतीपलीकडं ती होती, आणि कुठल्या क्षणी टी-कॅस म्हणायचं ते माझ्या हातात होतं.

सुरुवातीचा वेळ सरळ गेला. मी एकदा दिल्लीवाला झालो, एकदा कोलकात्याचा, एकदा धुक्यात वाट चुकलेला छोट्या विमानाचा वैमानिक. ढग चुकवू का, मी विचारलं. ती क्षणभर थांबली, तेवढ्यात तिनं पडदा बघितला हे मला भिंतीतून कळलं, आणि मग उजवीकडून जा म्हणाली. शेजारी बसलेल्या परीक्षकांनी माझ्यापुढच्या प्रसंगांच्या यादीवर बोट ठेवलं, आता. मी तिला भरपूर गुंतू दिलं. चार विमानं तिच्याशी एकदम बोलतील असं केलं. तिचं एक वाक्य अर्धं झालं होतं, तेव्हा मी ते तोडून ओरडलो, "टी-कॅस आर-ए."

"रॉजर," ती म्हणाली.

मग शांतता. धोका टळला असं मी सांगेपर्यंत तिला गप्प बसायचं होतं. परीक्षकांनी मला खूण केली की पुरे, सांगा आता. मी मान हलवली आणि थांबलो. माझे दोन्ही हात हेडसेटवर दाबलेले होते. मी त्या टिक्ची वाट बघत होतो, त्या खरखरीची. आधी ती यावी म्हणून वाट बघत होतो, सवयीनं. मग ती येऊ नये म्हणून. परीक्षकांनी पुन्हा खूण केली. मी आणखी थांबलो. ऐकण्यासारखं काही नव्हतं. बटण दाबलेलं नव्हतं. भिंतीपलीकडं माझी बायको जाणूनबुजून गप्प बसली होती.

"धोका टळला," मी शेवटी म्हणालो. माझाच आवाज फाटला.

तिनं लगेच पुढची दिशा दिली. तोच साधा सूर.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात ती पाण्याची बाटली तोंडाला लावून उभी होती. आतून परीक्षकांचं कौतुक ऐकू येत होतं, इन्चार्ज साहेब मध्येमध्ये वाह म्हणत होते, आणि माझं विझलेलं जळणं पुन्हा पेटलं. पुढच्या महिन्यात कोण कुठं बसणार ते मला तिथंच कळून चुकलं होतं.

"मुद्दाम लांबवलंस ना?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं माझ्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. काय दिसलं कुणास ठाऊक, पण ती हसली, कितीतरी दिवसांनी, आणि बाटली माझ्या हातात देऊन निकाल ऐकायला आत गेली.